स्पॉन्सर बँक, सीबीएसचं मॉड्यूल की वेगळा स्विच? मध्यम नागरी बँकेने यूपीआयसाठी कोणता रस्ता धरावा

वीस-पंचवीस शाखांच्या नागरी सहकारी बँकेत यूपीआयचा विषय संचालक मंडळापुढे आला की बहुतेक वेळा तीन कोटेशनं टेबलावर येतात. एक असतं स्पॉन्सर बँकेचं, जिच्यामार्फत आपलं एनईएफटी आधीपासून चालतं: आमच्या एपीआयला (दोन यंत्रणा जोडणाऱ्या दुव्याला) जोडा, पुढचं आम्ही बघतो. दुसरं सीबीएस, म्हणजे बँकेची सगळी खाती सांभाळणारं मुख्य सॉफ्टवेअर, देणाऱ्या कंपनीचं: आमच्याच सॉफ्टवेअरमध्ये मॉड्यूल आहे, चालू करून देतो. तिसरं स्विच, म्हणजे सीबीएस आणि पेमेंटचं जाळं यांच्यामध्ये बसणारी वेगळी यंत्रणा, विकणाऱ्यांचं, आणि ते जवळजवळ नेहमीच सगळ्यांत महाग दिसतं. पश्चिम महाराष्ट्रातल्या अशाच एका बँकेच्या आयटी विभागात मी काम करतो. आमची बँक या तिन्ही रस्त्यांवरून गेलेली आहे आणि आज तिसऱ्यावर आहे. पहिले दोन टाकाऊ आहेत असं माझं मत नाही. काही बँकांनी तेच घ्यावेत, त्या कोणत्या हेही पुढे सांगतो.

आधी एक गोष्ट वेगळी काढून ठेवू. एनईएफटी-आरटीजीएसचा निर्णय आणि यूपीआय-आयएमपीएसचा (आयएमपीएस म्हणजे खात्यातून खात्यात लगेच पैसे पोचवणारी सेवा) निर्णय एका ठरावात घेऊ नका. बैठकीत दोन्ही 'डिजिटल पेमेंट' या एकाच मथळ्याखाली येतात, पण कामाच्या दृष्टीने ही दोन वेगळी जगं आहेत. एनईएफटी-आरटीजीएस रिझर्व्ह बँक चालवते, संदेश एसएफएमएस या बँकांच्या आपसातल्या संदेश यंत्रणेवरून जातात. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास झालं खरं, पण ते अजूनही अर्ध्या तासाच्या बॅचमध्येच चालतं, दिवसाला ४८ बॅच. एखादी रक्कम खात्यात जमा करता आली नाही तर ती परत पाठवायला बॅच संपल्यापासून दोन तास मिळतात. दोन तासांत माणूस स्क्रीन बघू शकतो, शाखेत फोन करू शकतो, खातेदाराचं नाव तपासू शकतो. त्यामुळे इथे स्पॉन्सर बँकेचा मार्ग पुरतो. आमचं एनईएफटी-आरटीजीएस आजही स्पॉन्सरमार्फतच आहे आणि ते बदलावं असं मला वाटत नाही. फक्त जोडून सुट्ट्या आल्या की स्पॉन्सरकडच्या आपल्या खात्यात पुरेशी शिल्लक ठेवा. आरटीजीएससुद्धा १४ डिसेंबर २०२० पासून चोवीस तास झाल्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत रविवारी रात्रीही ते खातं रिकामं होऊ शकतं, आणि मग बाहेर जाणारं सगळंच थांबतं.

यूपीआय आणि आयएमपीएस एनपीसीआयच्या (नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडियाच्या) जाळ्यावर चालतात, आणि तिथे हिशेब सेकंदांचा आहे. यूपीआयमध्ये पैसे देण्या-घेण्याच्या संदेशाला उत्तर द्यायला पूर्वी ३० सेकंद मिळायचे. १६ जून २०२५ पासून ती मुदत १५ सेकंदांवर आली. माझ्या मते हा आकडा समोर ठेवूनच तिन्ही कोटेशनं वाचावीत.

स्पॉन्सर बँकेचा मार्ग

याच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. एनपीसीआयपर्यंतची लीज लाइन नको, एचएसएम (सांकेतिक किल्ल्या जपणारं उपकरण) नको, डिजिटल प्रमाणपत्रं आणि त्या किल्ल्या सांभाळायला माणूस नको. तंटे-तक्रारी, चार्जबॅक (रक्कम परत मागण्याचे दावे), सेटलमेंटच्या फाइली हे सगळं स्पॉन्सरचे अनुभवी लोक बघतात. आमच्याकडे यूपीआय सुरू झालं तेव्हा आयटी विभाग म्हणजे मोजकी माणसं, आणि त्यातलेही काही जण शाखांचे प्रिंटर बघायचे. त्या काळात हा मार्ग आम्हाला मानवला. सुरुवात लवकर झाली, सभासदांना क्यूआर मिळाले, आणि 'आपल्या बँकेचं यूपीआय नाही' ही तक्रार बंद झाली.

अडचण अशी की तुमचा व्यवहार तुम्हाला दिसत नाही. खातेदार काउंटरवर मोबाइल पुढे करून विचारतो, 'साहेब, पैसे कापले, पण पोचले नाहीत.' त्याच्या मोबाइलवर बारा आकडी आरआरएन, म्हणजे व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, असतो. तुमच्या सीबीएसमध्ये स्पॉन्सरच्या एपीआयने पाठवलेला दुसराच क्रमांक असतो. दोन्हींची सांगड स्पॉन्सरच्या सर्व्हरवर असते आणि तिथे तुम्हाला प्रवेश नसतो. मग मेल जातो आणि तिकीट नंबर येतो. उत्तर बहुतेक वेळा बरोबर येतं, पण तोवर खातेदार शाखेतून निघून गेलेला असतो. शाखाधिकाऱ्याने त्याला 'हेड ऑफिसला कळवलंय' एवढंच सांगितलेलं असतं. नागरी बँक ओळखीवर चालते. इथे व्यवस्थापकाला खातेदाराच्या डोळ्यांत बघून उत्तर द्यावं लागतं, त्यामुळे हे मला फार लागायचं.

काही बँकांत आणखी एक गोष्ट होते. आयएफएससी कोड स्पॉन्सर बँकेच्या अक्षरांनी सुरू होतो आणि खातेदाराला वाटतं की आपले पैसे भलत्याच बँकेत चाललेत. हा प्रश्न मात्र समजावून सुटतो.

सीबीएसमधलंच मॉड्यूल

कागदावर हाच पर्याय सगळ्यांत नीटनेटका दिसतो. एकच कंपनी, एकच एएमसी (वार्षिक देखभाल करार), फोन करायचा एकच नंबर. खात्यातली शिल्लक जागेवरच दिसते, नोंद थेट खतावणीत पडते, मध्ये दुसरी यंत्रणा नसल्याने दुहेरी नोंद नाही. ऑडिटरलाही समजावणं सोपं जातं. आम्ही स्पॉन्सरवरून इथे आलो ते याच कारणांसाठी, आणि साध्या दिवशी ते उत्तम चालायचं हेही मान्य करायला हवं. आरआरएन सीबीएसमध्ये शोधता येऊ लागला, हा तर मोठाच फायदा होता.

सगळं एकाच दारातून जाण्याची जोखीम मात्र समजून घ्यावी. ३१ जुलै २०२४ रोजी सी-एज टेक्नॉलॉजीज या सेवादाराच्या यंत्रणेवर रॅन्समवेअरचा (डेटा अडवून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरचा) हल्ला झाला. बाकीच्या जाळ्याला झळ लागू नये म्हणून एनपीसीआयने त्यांची जोडणी तात्पुरती तोडली. देशभरातल्या जवळपास ३०० छोट्या बँकांचे खातेदार यूपीआय-आयएमपीएसपासून तुटले, आणि दुसऱ्या दिवशी सुरक्षा तपासणी झाल्यावर जोडणी परत आली. एनपीसीआयने केलं ते योग्यच केलं. मध्यम बँकेने यातून एवढंच घ्यावं की सीबीएस आणि पेमेंटची वाट दोन्ही एकाच सेवादाराकडे असतील, तर असा दिवस आल्यावर पर्यायी वाट काय, हे करार करतानाच विचारून ठेवावं.

आम्ही मॉड्यूल सोडलं त्याचं कारण मात्र हे नव्हतं. कारण एका छोट्या, रोजच्या गोष्टीचं होतं.

उलट नोंद आधी येते

यूपीआयचा व्यवहार आपल्या खातेदाराकडून निघतो तेव्हा एनपीसीआयकडून आपल्याला संदेश येतो: या खात्याला इतके रुपये नावे टाका. आपण नावे टाकून उत्तर द्यायचं. उत्तर मुदतीत पोचलं नाही तर एनपीसीआय व्यवहार अयशस्वी ठरवतं आणि आपल्याला दुसरा संदेश पाठवतं: ती नावे नोंद उलटवा. हे नियम अगदी बरोबर आहेत. दुसऱ्या बँकेला आणि दुकानदाराला ताटकळत ठेवता येत नाही.

आता आपल्या भागातला एखादा गर्दीचा दिवस घ्या. दूध संस्थांचं दहा दिवसांचं बिल पडलंय, कारखान्याची ऊसबिलाची यादी शाखेत आली आहे, हजारो खात्यांत एकदम जमा टाकायचं काम सीबीएसवर चालू आहे. पैसे जमा झाल्याचा मेसेज गेला की लोक लगेच खताच्या दुकानात, किराणा दुकानात यूपीआय करतात. म्हणजे जमा आणि नावे दोन्हींची गर्दी एकाच वेळी. सीबीएस थकतं. नावे टाकायचा संदेश आत शिरतो आणि रांगेत उभा राहतो. पंधरा सेकंद उलटतात. एनपीसीआय व्यवहार रद्द ठरवून उलट नोंदीचा संदेश पाठवतं. मॉड्यूल खतावणीत मूळ नोंद शोधतं. ती अजून पडलेलीच नाही, कारण ती रांगेत आहे. मॉड्यूल उत्तर देतं: अशी नोंद नाही, उलटवण्यासारखं काही नाही. त्याच्या बाजूने काम संपलं. आणि दोन सेकंदांनी रांगेतली मूळ नोंद पुढे सरकते आणि खात्याला नावे पडते.

खातेदाराचे पैसे कापले गेले. समोरच्याला मिळाले नाहीत. आणि यंत्रणेत कुठेही लाल दिवा नाही, कारण दोन्ही संदेशांना उत्तरं दिली गेली आहेत. हे उघड होतं ते दुसऱ्या दिवशी, ताळमेळाच्या फाइलीत, किंवा त्याआधी त्या माणसाने शाखेत येऊन विचारलं तर.

दिवसअखेरीच्या वेळीही हेच. तिमाहीचं व्याज टाकताना, मार्चअखेरीला, सीबीएसचा डे-एंड लांबला की अशा नोंदींची यादी वाढते. माझ्यापुरतं मी मोजमाप न करताच सांगू शकतो, कारण सकाळी ऑफिसात शिरल्यावर ताळमेळ बघणाऱ्या सहकारी बाईंच्या चेहऱ्यावरून आदल्या रात्रीचा डे-एंड कसा गेला ते कळायचं.

सीबीएसच्या दृष्टीने नोंद पडलेली असते किंवा नसते. खतावणीचा तो स्वभावच आहे आणि खतावणीने तसंच असावं. पण जाळ्यावरच्या व्यवहाराला तिसरी अवस्थाही असते: अजून माहीत नाही. ती तिसरी अवस्था धरून ठेवायला खतावणीत रकाना नसतो. कंपनीला आम्ही हे सांगितलं. त्यांनी मनापासून प्रयत्न केले, उलट नोंदीचा संदेश काही सेकंद थांबवून बघितला, रात्री एक स्वतंत्र प्रोग्रॅम चालवला. यादी छोटी झाली, संपली नाही.

ही बाब खातेदाराच्या मनस्तापापुरती नाही. २० सप्टेंबर २०१९ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाने प्रत्येक प्रकारच्या अडकलेल्या व्यवहाराला मुदत घालून दिली आहे. खात्यातून खात्यात जाणारी यूपीआय-आयएमपीएसची रक्कम पोचली नाही, तर ती फार तर पुढच्या दिवसापर्यंत परत व्हायला हवी, त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई. तीही खातेदाराने मागण्याची वाट न पाहता. दोनशे रुपयांचा व्यवहार आठवडाभर राहिला तर भरपाई मुद्दलापेक्षा जास्त होते.

आणि हे दुसऱ्या बाजूनेही घडतं. आपण पैसे घेणारी बँक असतो, जमा टाकलेलं असतं, पण आपलं उत्तर वाटेत राहतं, आणि पाठवणाऱ्या बँकेला व्यवहार झालाच नाही असं कळतं. मोठ्या बँकांनाही यातून सुटका नाही. २०२३ च्या दिवाळीत, १० ते १३ नोव्हेंबरच्या दरम्यान, युको बँकेत आयएमपीएसचे सुमारे ८२० कोटी रुपये असेच खात्यांत जमा झाले, जेव्हा पाठवणाऱ्या बँकांकडे ते व्यवहार अयशस्वी नोंदले गेले होते. त्यातले ६४९ कोटी, म्हणजे ७९ टक्के, परत मिळवल्याचं बँकेने काही दिवसांतच सांगितलं, आणि पुढे प्रकरण सीबीआयकडे गेलं. युकोसारख्या सरकारी बँकेला हा धक्का पेलता आला. आपल्यासारख्या बँकेत त्याच्या शंभराव्या हिश्श्यानेही वर्षाचा नफा जाऊ शकतो.

वेगळा स्विच काय करतो

सरकारी कार्यालयात कुठलाही कागद आला की आधी आवक नोंदवहीत क्रमांक पडतो, मग तो टेबलावर जातो. चांगला स्विच तेच करतो. एनपीसीआयचा संदेश आला की पहिली नोंद त्याच्या स्वतःच्या तक्त्यात पडते, आरआरएनसह, वेळेसह, आणि मग तो सीबीएसकडे जातो. उलट नोंदीचा संदेश आला आणि मूळ काम अजून सीबीएसकडून परतलं नसेल, तर स्विच 'नोंद नाही' असं म्हणत नाही. तो खूण करून ठेवतो. सीबीएसने उशिरा का होईना नावे टाकल्याचं कळवलं की स्विच स्वतःहून उलट नोंद पाठवतो. खातेदाराला वजा आणि जमा असे दोन मेसेज लागोपाठ येतात आणि प्रश्न तिथेच मिटतो.

आम्ही स्विचवर आल्यानंतर सकाळची ती यादी रिकामी झाली असं म्हणणार नाही. पण तिच्यात आता खरोखर गुंतागुंतीचे व्यवहार उरतात, आणि ते कुठल्या टप्प्यावर अडकले हे एका स्क्रीनवर दिसतं: संदेश कधी आला, सीबीएसकडे कधी गेला, उत्तर किती वेळाने मिळालं. शाखाधिकाऱ्यांना आम्ही याच स्क्रीनचा फक्त बघण्यापुरता प्रवेश दिला आहे. खातेदाराचा आरआरएन टाकला की काय झालं ते तिथल्या तिथे सांगता येतं. माझ्यासाठी या सगळ्या खर्चाचं मोल इथेच वसूल झालं.

डे-एंडच्या वेळी स्विच ठरावीक मर्यादेपर्यंत स्वतःकडच्या शिल्लक फाइलवर व्यवहार मंजूर करू शकतो आणि सीबीएस परत उघडल्यावर नोंदी पाठवतो. ही सोय वापरायची की नाही हा ज्याच्या त्याच्या धीराचा प्रश्न आहे. आम्ही मर्यादा फार छोटी ठेवली आहे, कारण त्या काळात शिल्लक शिळी असते आणि खातं ओव्हरड्रॉ होण्याची जोखीम बँकेवर येते.

याची किंमतही मोठी आहे, आणि ती फक्त पैशात नाही. पूर्वी ताळमेळ दोन बाजूंचा होता, आता तीन बाजूंचा: एनपीसीआयची फाइल, स्विचचा तक्ता, सीबीएसची खतावणी. एखादी गोष्ट बिघडली की स्विचवाले म्हणतात सीबीएसने उत्तर दिलं नाही, सीबीएसवाले म्हणतात आमच्यापर्यंत आलंच नाही. दोघांचे लॉग शेजारी ठेवून वाचू शकणारा बँकेचा स्वतःचा माणूस नसेल, तर हा पर्याय घेऊ नये असंच मी सांगेन. आमच्याकडे तसा एक तरुण सहकारी तयार झाला, म्हणून जमलं. तो नोकरी सोडून गेला तर काय, याची काळजी मला आजही आहे, आणि म्हणून दुसऱ्यालाही शिकवणं चालू आहे.

सुरक्षेबद्दल पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं २०१८ च्या ऑगस्टमधलं प्रकरण वाचल्याशिवाय कुणीही स्विचचा करार करू नये. चोरट्यांनी एटीएमच्या खऱ्या स्विचच्या जागी बनावट प्रॉक्सी स्विच उभा केला. पैसे काढायच्या विनंत्यांना तोच मंजुरी देत राहिला आणि सीबीएसपर्यंत त्या पोचल्याच नाहीत. २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले, आणि स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय बँक संदेश यंत्रणेवरून गेलेले धरून ९४ कोटींहून अधिक रक्कम गेली. मध्ये यंत्रणा उभी केली की ती चोराचंही लक्ष्य होते, हे त्यातून दिसलं. यावर आम्ही शोधलेला उपाय साधा आहे. स्विचने दिलेली मंजुरी आणि सीबीएसमध्ये पडलेली नोंद यांची जुळणी दिवसातून एकदा न करता दर तासाला करायची, आणि फरक ठरलेल्या रकमेपुढे गेला की वाहिनी आपोआप बंद. रात्री बंद झाली तरी चालेल. खातेदाराला दिलगिरीचा मेसेज पाठवता येतो.

नियामकाच्या बाजूनेही हिशेब करा. नागरी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१९ ला सायबर सुरक्षेचे चार स्तर ठरवून दिले. यूपीआय-आयएमपीएसचं थेट सभासदत्व घेतलं की सब-मेंबर बँक (एनईएफटी-आरटीजीएस स्पॉन्सरमार्फत करणारी) दुसऱ्या स्तरात मोडते. मोबाइल ॲप असलेल्या बहुतेक बँका तिथे आधीच आहेत. स्वतःचा एटीएम स्विच उभा केला की तिसरा स्तर लागू होतो आणि अपेक्षा बऱ्याच वाढतात. म्हणून आम्ही यूपीआय-आयएमपीएससाठी दुसऱ्याच्या डेटा सेंटरमधला, भाड्याचा स्विच घेतला आणि एटीएमला हात लावला नाही. वेगळा स्विच म्हणजे स्वतःची मशीन विकत घेणं, असा समज संचालकांमध्ये असतो. तो आधी दूर करा, कोटेशनमधला निम्मा धसका तिथेच कमी होतो.

फिनटेक भागीदार कुठे जोडायचा

हा प्रश्न दोन वर्षांनी येईल असं वाटतं, पण तो सहा महिन्यांतच दारात उभा राहतो. साउंडबॉक्स देणारी कंपनी येते, शाळा-कॉलेजची फी गोळा करणारं ॲप येतं, गावातल्या पतसंस्थांना हप्ते यूपीआयवर घ्यायचे असतात. पतसंस्था बँक नसल्यामुळे तिला कुठल्या तरी बँकेच्या आधारानेच हे करावं लागतं, आणि नागरी बँकेसाठी हा चांगला व्यवसाय आहे.

स्पॉन्सरच्या मार्गावर असताना भागीदार जोडणं जवळजवळ स्पॉन्सरच्या मर्जीवर आणि त्यांच्या वेळापत्रकावर असतं. मॉड्यूलच्या मार्गावर भागीदार थेट सीबीएसशी बोलतो, आणि तिथे आम्हाला त्रास झाला. एका भागीदाराचं ॲप व्यवहाराचं काय झालं हे दर काही सेकंदांनी विचारत राहायचं. प्रत्येक विचारणा त्याच डेटाबेसवर जायची जिथून शाखेतला कॅशियर चेक पास करतो. गर्दीच्या वेळी शाखा रेंगाळायच्या आणि कारण कुणाला कळायचं नाही. पुढे १२ एप्रिल २०२५ ला देशभर यूपीआय अडखळलं, तेव्हा एनपीसीआयने दिलेलं कारणही याच जातीचं होतं: काही बँकांकडून 'व्यवहाराचं काय झालं' या विचारणांचा पूर आला होता. आता त्यावर बंधनं आहेत. पहिली विचारणा ठरलेला वेळ गेल्यावरच करायची, आणि दोन तासांत जास्तीत जास्त तीन. ही शिस्त भागीदाराकडून पाळून घ्यायला मध्ये काहीतरी हवं. स्विच असला की विचारणेचं उत्तर तो स्वतःच्या तक्त्यातून देतो आणि सीबीएसला त्याची झळही लागत नाही.

भागीदाराची तीच विनंती नेटवर्कच्या अडचणीमुळे दोनदा आली तर एकदाच नावे पडलं पाहिजे, हेही स्विचकडूनच करून घ्या. प्रात्यक्षिकात हे मुद्दाम करून दाखवायला सांगा.

एका वाटेवर अवलंबून राहण्याचं दुःख भागीदारांनीही सोसलं आहे. ५ मार्च २०२० ला येस बँकेवर निर्बंध आले आणि फोनपे ठप्प झालं, कारण त्यांचं यूपीआय त्याच एका बँकेतून जात होतं. त्यांना घाईघाईने दुसऱ्या बँकेकडे जावं लागलं. त्यामुळे हल्ली जाणते भागीदार बँकेलाच विचारतात: तुमची वाट बंद पडली तर काय? या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे असणं ही आता व्यवसाय मिळवण्याची अट झाली आहे.

मग घ्यायचं काय

शाखा दहाच्या आत, यूपीआयचे व्यवहार मोजके, आयटी म्हणजे एक माणूस आणि एक बाहेरचा सल्लागार, अशी परिस्थिती असेल तर स्पॉन्सरकडेच राहा. फक्त करारात दोन गोष्टी लिहून घ्या: आरआरएनवरून व्यवहार शोधायची स्क्रीन तुमच्या माणसाला मिळेल, आणि स्पॉन्सरच्या चुकीने झालेल्या विलंबाची भरपाई स्पॉन्सर देईल. दुसऱ्या अटीवर ते कुरकुर करतात, पण पहिली द्यायला बहुतेक तयार होतात.

सीबीएस नवीन असेल, तिची कंपनी जबाबदार असेल, आणि तुमच्या भागात एकदम हजारो खात्यांत जमा पडायचे दिवस नसतील, तर मॉड्यूल चालू शकतं. नोकरदार-व्यापारी वस्तीतल्या, शहरी बँकांना ते आमच्यापेक्षा चांगलं मानवत असावं. प्रात्यक्षिक बघताना विक्री प्रतिनिधीला एकच गोष्ट करून दाखवायला सांगा: नावे नोंद वीस सेकंद अडकवा, मध्ये उलट नोंदीचा संदेश पाठवा, आणि शेवटी खात्यात काय दिसतं ते दाखवा. हे त्यांच्या चाचणी यंत्रणेवर सहज करता येतं. करायला का-कू केली तर मी तरी सही करणार नाही.

ऊस, दूध, कांदा, द्राक्षं यांच्या बिलांचा पैसा ज्यांच्याकडून फिरतो, ज्यांना पतसंस्था आणि दोन-तीन भागीदार जोडायचे आहेत, आणि ज्यांच्याकडे लॉग वाचणारा एक तरी माणूस आहे, अशा बँकेने भाड्याच्या स्विचचं कोटेशन बाजूला सारण्याआधी शांतपणे वाचावं. प्रति व्यवहार दर बघताना सध्या ताळमेळावर रोज जाणारे माणसांचे तास आणि भरपाईपोटी गेलेली रक्कम त्याच्या शेजारी लिहा. आमच्या लेखा विभागाने तसं लिहून दिल्यावर संचालक मंडळात मग फारशी चर्चा उरली नाही.

बदल करायचं ठरलं तर मार्चअखेर, जूनअखेर आणि गाळपाच्या हंगामाची सुरुवात टाळा. आम्ही श्रावणातला एक शांत आठवडा निवडला. जुना रस्ता लगेच तोडला नाही. आधी फक्त कर्मचाऱ्यांची खाती नव्या स्विचवर घेतली, मग एक शाखा, मग बाकीच्या. जुन्या वाटेवरचे अडकलेले व्यवहार पूर्ण मिटेपर्यंत तिथली ताळमेळाची फाइल चालू ठेवा, आणि ती फाइल कोण बघणार त्या व्यक्तीचं नाव आधीच लेखी ठरवा.